पाळीव पोपट दुसऱ्या घरी देताना: जात, कायदा, नवे घर आणि खरी माहिती

पोपट दुसऱ्या कोणाला देण्याचा विषय घरात निघाला की चर्चा बहुधा ‘कोण घेईल’ इथूनच सुरू होते. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा पक्षी नेमका कोणत्या जातीचा आहे? महाराष्ट्रातल्या घरांमध्ये पिंजऱ्यात दिसणाऱ्या पोपटांपैकी काही पक्षी कोणाला देण्याचा अधिकार आपल्याला मुळातच नसतो. जे देता येतात, त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक चुकीचे घर निवडण्याची नसते. पक्ष्याचे दोष लपवून तो ‘खपवण्याची’ चूक त्याहून मोठी असते, आणि असा पक्षी पुढे दोन-तीन घरे फिरत राहतो. म्हणून या लेखात जागा शोधण्यापेक्षा आधीच्या तपासणीला आणि माहिती खरेपणाने सोपवण्याला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: जात ओळखा, कारण पुढचे सारे त्यावर ठरते

हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा आणि नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कडी असलेला आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा करण पोपट (बाजारात याला ‘पहाडी’ म्हणतात) आणि जांभळट-लाल डोक्याचा तुईया हे तिन्ही भारतातील वन्य पक्षी आहेत. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. या अधिनियमाची २०२२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तीत आपला नेहमीचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. ‘आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडेच आहे’, ‘झाडाखाली पडलेले पिल्लू उचलून आणले’, ‘विकत घेतला नाही, कोणीतरी दिला’ ही स्पष्टीकरणे मनापासून दिलेली असली, तरी त्यांमुळे पक्षी आपल्या मालकीचा होत नाही. असा पोपट शेजाऱ्याला, नातेवाइकाला किंवा समाजमाध्यमावर भेटलेल्या एखाद्या ‘बर्ड लव्हर’ला देणे म्हणजे एका घरातली बेकायदा गोष्ट दुसऱ्या घरात नेऊन ठेवणे होय.

अशा पक्ष्यासाठी योग्य मार्ग वन विभागातूनच जातो. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करता येतो, किंवा आपल्या भागातील वनपरिक्षेत्र अधिकारी अथवा मानद वन्यजीव रक्षकांना गाठता येते. पुण्यात बावधन आणि नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत. तिथे जाण्यापूर्वी साध्या कागदावर अर्ज लिहून ठेवावा: पक्षी कधीपासून आहे, कसा आला, काय खातो, उडू शकतो का, कधी आजारी होता का. पक्षी सोपवल्यावर पोच मागून घ्यावी. अनेकांना गुन्हा दाखल होण्याची धास्ती वाटते आणि ती अगदीच निराधार नाही, कारण अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून वन विभागाबरोबर नियमित काम करणाऱ्या एखाद्या बचाव संस्थेच्या माध्यमातून जाणे, आणि शंका असेल तर आधी वकिलाचा सल्ला घेणे, हा शहाणपणाचा रस्ता आहे. मात्र त्या धास्तीपोटी जो ‘सोपा उपाय’ लोक निवडतात, तो सर्वांत वाईट असतो: संध्याकाळी गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचे दार उघडणे.

वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू झिजलेले असतात. सलग काही मिनिटे उडण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. पंख कापलेले असतील तर नवी पिसे येण्यासाठी पुढच्या पीसगळतीची वाट पाहावी लागते. मांजर, घार, कावळे यांना ओळखून आवाज देणे, थव्याबरोबर राहणे, फळे कुठे आहेत हे शोधणे या गोष्टी पिल्लू थव्यात वाढताना शिकते, पिंजऱ्यात शिकत नाही. उपचार केंद्रांत अशा पक्ष्यांना मोठ्या उड्डाणगृहात, स्वजातीच्या पक्ष्यांसोबत ठेवून सराव दिला जातो आणि मगच सोडण्याचा निर्णय होतो. माणसालाच आपला थवा समजणारा, ‘मिठू मिठू’ करत अनोळखी माणसाच्याही खांद्यावर येऊन बसणारा पक्षी कदाचित कधीच सोडता येणार नाही. तो निर्णयही तिथल्या पशुवैद्यकांवर सोपवावा. विदेशी पोपट बाहेर सोडणे तर आणखी गैर आहे, कारण तो एक तर उपासमारीने मरतो किंवा तगला तर इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतो. आपलाच पोपट युरोपातील शहरांत पिंजऱ्यांतून सुटून कसा फोफावला, हे लंडनच्या बागांत फिरलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

निळ्या किंवा पिवळ्या ‘रिंगनेक’बद्दल एक खुलासा. दुकानदार त्याला विदेशी म्हणून विकत असला तरी जात आपल्या हिरव्या पोपटाचीच असते, बदललेला असतो तो फक्त रंग. असा पक्षी देण्यापूर्वी वन विभागाकडे लेखी विचारणा करून उत्तर हाती ठेवावे. दुकानदाराचे बिल हे त्याला पर्याय नाही.

खरोखर विदेशी असलेल्या पोपटांचे दोन गट पडतात. बजरी, कॉकटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे आंतरराष्ट्रीय व्यापार करार ‘साइट्स’च्या यादीबाहेर आहेत. आफ्रिकन ग्रे (२०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेनंतर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात), मकाव, कॉकाटू, सन कॉन्युअर, ग्रीन-चीक कॉन्युअर हे सारे त्या यादीत आहेत. डोळ्याभोवती पांढरी कडी असलेला फिशर लव्हबर्डही यादीत आहे, आणि हे फार थोड्या जणांना माहीत असते. यादीतील पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करावी लागते आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला की तो बदलही तिथेच कळवावा लागतो. आपली नोंदणी राहिली असेल तर आधी ती मार्गी लावावी. नोंदणी नसलेला पक्षी पुढे देणे म्हणजे घेणाऱ्याला नकळत अडचणीत टाकणे आहे.

दुसरी पायरी: पक्षी द्यायचा आहे की त्रास संपवायचा आहे?

काही कारणांपुढे इलाज नसतो. घरात कोणाच्या फुप्फुसांना पिसांच्या धुळीमुळे सूज येत असेल आणि डॉक्टरांनी पक्षी दूर ठेवण्यास सांगितले असेल, किंवा पक्ष्याची काळजी घेणारी एकमेव व्यक्ती निवर्तली असेल, तर पक्षी देणे हाच जबाबदार निर्णय असतो. परदेशी जाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लवकर लक्षात घ्यावी: यादीतील पक्षी सोबत नेण्यासाठी दोन्ही देशांचे परवाने लागतात आणि ते काही तिकीट काढल्यासारखे आठवड्यात होत नाहीत. व्हिसाचा अर्ज करतानाच पक्ष्याचा निर्णय घ्यावा. विमानाच्या आदल्या आठवड्यात शोधलेले घर हे जवळजवळ नेहमीच चुकीचे घर ठरते.

पण बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते. पक्षी ओरडतो, चावतो, पिसे उपटतो. सोसायटीतून तक्रार आलेली असते. ज्या मुलासाठी आणला तो दहावीत गेलेला असतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी बऱ्याचदा आपण ठेवलेल्या व्यवस्थेतून आलेल्या असतात आणि सुधारता येतात. पोपट पहाटे व संध्याकाळी थव्याला हाक मारतो, हा त्याचा स्वभाव आहे. दिवसभर ओरडत असेल तर तो बहुधा एकटा असतो, किंवा ओरडल्यावर कोणीतरी धावत येते हे तो शिकलेला असतो. ओरडताना न जाता, शांत असताना किंवा शिटी वाजवताना जाऊन त्याला दाणा द्यावा; काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. वयात येणारा पोपट चिडका होतो हेही स्वाभाविक आहे. अशा वेळी पिंजऱ्यातली मडकी, खोकी, अंधारे कोपरे काढून टाकावेत, त्याच्या पाठीवरून व शेपटीखाली हात फिरवणे बंद करावे (पक्षी ते लाड समजत नाही, जोडीदाराची खूण समजतो), आणि रात्री सलग दहा ते बारा तासांची शांत, अंधारी झोप मिळेल असे पाहावे. ज्या हॉलमध्ये अकरापर्यंत टीव्ही चालू असतो तिथे पिंजरा असेल, तर पक्ष्याच्या चिडचिडीचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

पिसे उपटणाऱ्या पक्ष्याला मात्र आधी पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण यामागे त्वचारोग, यकृताचा विकार किंवा विषाणूही असू शकतो. वर्षानुवर्षे नुसते सूर्यफुलाचे बी खाऊन वाढलेल्या पोपटात जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता आणि यकृतावर चरबी चढणे सर्रास आढळते. आहार बदलल्यावर, तोही हळूहळू बदलल्यावर, स्वभावही निवळलेला दिसतो.

या सुधारणा मनापासून करून पाहण्यासाठी दोन-तीन महिने द्यावेत. मग निर्णय बदलला नाही तरी वेळ वाया जात नाही, कारण आता आपण पुढच्या घराला काय चालते आणि काय चालत नाही हे सांगू शकतो. आणि ‘मला आता हे करायची इच्छा उरलेली नाही’ एवढेच कारण असेल, तर तेही स्वतःशी आणि घेणाऱ्याशी कबूल करावे. मन उडालेल्या घरात आफ्रिकन ग्रेने आणखी तीस वर्षे काढण्यापेक्षा ते बरे.

तिसरी पायरी: पक्ष्याची हकिकत कागदावर उतरवा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके हेच बहुतेक जण दोन ओळींत उरकतात: ‘फुल्ली टेम, फ्रेंडली, सर्व खातो.’ पोपट आपल्याबद्दल काही सांगू शकत नाही. त्याच्या सवयी आपण सांगितल्या नाहीत तर नव्या घरात त्यांचे अर्थ चुकीचे लावले जातात.

एक कॉकटेल घ्या. रात्री अंधारात एखादा आवाज झाला की हा पक्षी घाबरून पिंजऱ्यात थैमान घालतो, पंखांची पिसे तुटून रक्त येते. ज्या घरात हे माहीत असते तिथे पिंजऱ्याजवळ मंद दिवा ठेवलेला असतो. आपण हे लिहिले नाही, तर नव्या घरातली माणसे पहिल्याच रात्री दचकून उठतात, पक्ष्याला फिट आली असे समजतात आणि दुसऱ्या दिवशी ‘आजारी पक्षी गळ्यात मारला’ म्हणून फोन करतात. कागदावर एवढेच हवे होते: ‘रात्री शून्याचा दिवा चालू ठेवावा. धडपड ऐकू आली तर मोठा दिवा लावून हळू आवाजात बोलावे, पिंजऱ्यात हात घालू नये.’

याच तपशिलाने बाकीचे लिहावे. सकाळी काय खातो, कोणत्या वाटीत खातो, काय पुढ्यात ठेवले तरी टाकून देतो. कोणत्या गोष्टींना भितो: टोपी, कुकरची शिटी, झाडू, लाल ओढणी. चावण्याआधी काय करतो; पुष्कळ पोपटांच्या डोळ्यांच्या बाहुल्या झपाझप लहान-मोठ्या होतात आणि मानेवरची पिसे फुलतात, पण आपल्या पक्ष्याची खूण नेमकी कोणती ते लिहावे. पुरुषांकडे जातो की बायकांकडे, मुलांना चावलेला आहे का, किती वेळा, किती जोरात. कोणत्या शब्दांवर प्रतिसाद देतो. त्याचे नाव, आणि त्याला ‘झोप’ सांगायला आपण काय म्हणतो. शेवटची पीसगळ कधी झाली. वजन किती आहे.

वजनाची सवय नसेल तर आता लावावी. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा, त्यावर छोटी दांडी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि सकाळी, खाण्याआधी, पक्ष्याला त्यावर बसवावे. महिनाभराच्या अशा नोंदी नव्या घराला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण पोपट आजार लपवतो आणि पिसांखालचा हाडकुळेपणा डोळ्यांना दिसत नाही. दहा टक्के वजन घटले की वैद्यकाकडे जावे, हा पक्षी पाळणाऱ्यांचा साधा नियम आहे.

दोष लिहिल्यामुळे कोणी पक्षी घेणार नाही ही भीती खरी आहे. चावरा पोपट घेणारे घर शोधायला जास्त महिने लागतात. पण ‘चावत नाही’ असे सांगून दिलेला पोपट दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याचे बोट फोडतो, आणि मग तो ज्या माणसाकडे जातो त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही.

चौथी पायरी: घर बघायला स्वतः जा

फोनवर सगळी घरे चांगली असतात. प्रत्यक्ष गेल्यावर आधी छताकडे पाहावे. आपल्याकडे मोकळ्या सोडलेल्या पोपटांच्या मृत्यूचे एक नेहमीचे कारण म्हणजे चालू सीलिंग फॅन. घरच्यांना पंख्याबद्दल विचारल्यावर ते चपापतात की ‘पक्षी बाहेर असतो तेव्हा बंद करतो’ असे सहज सांगतात, यावरून बरेच कळते. खिडक्यांना जाळी आहे का, मांजर आहे का, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवणार आहेत का हे पाहावे. नॉन-स्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. मच्छर अगरबत्ती, रोजचा धूप, ताजा रंग हेही त्याच्या नाजूक श्वसनाला घातक असतात. देवघर आणि पिंजरा एकाच छोट्या खोलीत असतील तर तसे स्पष्ट बोलावे. बहुतेकांना हे ठाऊकच नसते आणि ते जागा बदलायला तयार होतात.

मग माणसांकडे वळावे. घरातल्या प्रत्येकाची संमती आहे का? दिवसात किती तास कोणी घरी असते? गावाला गेल्यावर पक्षी कुठे राहील? पक्ष्यांची तपासणी करणारा पशुवैद्यक जवळ आहे का? मोठ्या शहरांबाहेर असे डॉक्टर विरळ आहेत. परळ, शिरवळ आणि नागपूर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांचा पर्याय निदान माहीत असावा. वयाचा हिशेबही मोकळेपणाने मांडावा. बजरी साधारण पाच ते दहा वर्षे जगते, कॉकटेल पंधरा-वीस, कॉन्युअर वीस-पंचवीस, आफ्रिकन ग्रे चाळीसच्या पुढे आणि मोठे मकाव पन्नासपर्यंतही. साठी ओलांडलेल्या व्यक्तीला ग्रे देऊ नये असे माझे म्हणणे नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि या पक्ष्याला वेळच हवा असतो. फक्त त्यांच्यानंतर पक्षी कोणाकडे जाईल त्या व्यक्तीशी आपण आजच बोललेले असावे, आणि शक्य असेल तर त्यांच्या मृत्युपत्रात तिचे नाव व थोडी रक्कम असावी.

जोडी असेल तर जोडीनेच द्यावी. ‘एक मी ठेवतो, एक तुम्ही न्या’ ही तडजोड माणसांच्या सोयीची असते.

पैशांचे काय करावे

‘चांगल्या घरी मोफत’ अशी जाहिरात केली की पहिले फोन कोणाचे येतात हे अनुभवी लोक जाणतात: पिल्ले काढून विकणाऱ्यांचे आणि फुकट मिळालेला पक्षी दुसऱ्या दिवशी ऑनलाइन विकणाऱ्यांचे. उलट पूर्ण बाजारभाव मागितला तर जास्त पैसे देणारा जिंकतो, चांगला सांभाळणारा नाही. मला मधला मार्ग पटतो. पक्ष्याचे पैसे घेऊ नयेत. पण घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने पक्ष्याची वैद्यकीय चाचणी करून घ्यावी आणि पक्षी येण्याआधी मोठा पिंजरा विकत आणून दाखवावा, अशी अट घालावी. ज्याला पक्षी विकायचा आहे तो इतका खर्च सहसा करत नाही. ‘नर की मादी’ हा ज्याचा पहिला प्रश्न असतो, त्याच्याशी दुसऱ्या फोनची गरज नाही.

चाचण्या आणि कागद

घेणाऱ्याकडे आधीच पोपट असतील तर चाचणी अत्यावश्यक आहे. चोच व पिसांचा विषाणुजन्य रोग आणि सिटॅकोसिस हा जिवाणुजन्य रोग यांसाठी पीसीआर चाचणी होते. सिटॅकोसिस माणसांनाही होतो, म्हणून घरात गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील तर यात हयगय नको. अहवाल चांगला आला तरी नवा पक्षी तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा.

एक पानी करार पुरे. त्यात चार गोष्टी असाव्यात: पक्षी विकला जाणार नाही, त्याच्याकडून पिल्ले काढली जाणार नाहीत, सांभाळणे जमले नाही तर तो प्रथम आपल्याकडेच परत येईल, आणि पहिल्या तीन महिन्यांत ख्यालीखुशाली कळवली जाईल. असा करार कोर्टात किती टिकेल यावर मी पैज लावणार नाही. पण सही करताना जो माणूस कुरकुरतो तो इथेच ओळखता येतो. यादीतील जातींच्या बाबतीत परिवेशवरील नोंदीची प्रत दोघांकडे राहावी.

हस्तांतर घाईने करू नये

नव्या माणसांनी आधी आपल्या घरी दोन-तीन वेळा यावे, पिंजऱ्याजवळ बसावे, आवडता दाणा त्यांच्या हातून द्यावा. पक्षी नेताना त्याचा जुना पिंजरा, जुन्या दांड्या, तीच वाटी आणि निदान महिनाभर पुरेल इतके त्याच्या सवयीचे खाणे सोबत द्यावे. नवा मोठा पिंजरा तो रुळल्यावर वापरात आणावा. सकाळीच न्यावे, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला खोली पाहून घेता येते. गणपती-दिवाळीच्या आवाजाच्या दिवसांत हस्तांतर टाळावे.

पहिले दोन-तीन दिवस पक्षी गप्प राहील, कमी खाईल. वजन रोज पाहावे. वर सांगितलेली दहा टक्क्यांची मर्यादा याच काळात सर्वाधिक कामाला येते. लहान जातीच्या पक्ष्याने पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर वाट पाहत बसू नये. आपण स्वतः पहिल्या महिन्यात भेटायला जाणे टाळावे. पक्षी आपल्याला ओळखतो, आणि प्रत्येक भेटीनंतर पुन्हा हाका मारू लागतो. ख्यालीखुशाली व्हिडिओवर विचारावी, तीही शक्यतो पक्ष्याला आपला आवाज ऐकू जाणार नाही अशा बेताने.

आणि ‘जमत नाही’ असा फोन आला, तर वाद न घालता पक्षी परत आणावा. यासाठी प्रवासाचा छोटा पिंजरा आणि थोडे दाणे तीन महिने तरी घरात ठेवावेत, इच्छुक घरांची यादी पुन्हा उघडावी आणि हकिकतीच्या कागदावर त्या घरात काय बिनसले त्याची ओळ वाढवावी.